झिपवालं बायबल घेऊ नका: मोठ्या टाइपाच्या, संदर्भांसहित मराठी बायबलबद्दल

आधी खरेदीचं बोलतो, वाचनाचं मागाहून. मी घेतलंय ते मोठ्या टाइपाचं, पानाच्या तळाला संदर्भ दिलेलं, शिवलेल्या बांधणीचं मराठी बायबल. भाषांतर तेच, जे आपल्या बहुतेक मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी व्यासपीठावरून वाचलं जातं. किंमत हजाराच्या आत. प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नाव बघून मागवतात आणि हाती येतं ते भलतंच, कारण एकाच भाषांतराच्या पाच-सात तऱ्हा निघतात. तऱ्हा बघून घ्या.

मी नगरचा (आता अहिल्यानगर म्हणायचं), एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मेकॅनिक. वस्तू हातात आली की आधी सांधे बघायचे, रंग नंतर, ही खोड जात नाही. बायबललाही तीच परीक्षा लावली. उत्पत्तीचा पहिला अध्याय काढून टेबलावर ठेवलं आणि हात सोडला. पान तिथंच राहिलं. मग दुसऱ्या टोकाला प्रकटीकरण 22 उघडलं. तेही मिटलं नाही. जुजबंदी, म्हणजे शिवलेल्या बांधणीचा हा फायदा. नुसत्या गोंदावर चिकटवलेली प्रत हात काढताच मिटते, आणि जोर लावून दाबली की कणा तडकतो. मधे स्तोत्रसंहितेपाशी कुठलीही प्रत उघडी राहते, त्यामुळे दुकानात स्तोत्रं काढून बघू नका. टोकाला बघा.

कागद पातळ आहे, त्याला इलाज नाही. 66 पुस्तकं, 1189 अध्याय एका पुठ्ठ्यात बसवायचे तर कागद पातळच लागणार. ट्यूबलाइटखाली मागच्या पानाची अक्षरं थोडी दिसतात, पण टाइप मोठा असल्यानं त्रास होत नाही. जेल पेन मात्र आरपार उतरतं. एचबी पेन्सिल वापरा, टोक फार करू नका. वजन चांगलं किलोभराच्या पुढे आहे. आडवं पडून छातीवर ठेवून वाचायचं असेल तर हे तुमच्यासाठी नाही. मला विचाराल तर तेच बरं. आडवं पडून वाचलेला अध्याय मला तरी घोरण्यापर्यंतच पोचवतो.

आता झिप. सोनेरी कडा, थम्ब इंडेक्स (हवं ते पुस्तक पटकन उघडायला कडेला कापलेल्या खाचा) आणि भोवती काळी झिप, असं बायबल लग्नात, दृढीकरणाला (कन्फर्मेशनला), निरोप समारंभाला भेट द्यायची आपल्यात रीत आहे. आमच्या घरात अशी तीन निघाली. उपासनेहून आलं की त्याची झिप ओढायची आणि कपाटावर ठेवायचं, ते पुढच्या रविवारपर्यंत. आत दानाचं पाकीट, मागच्या नाताळचा कार्यक्रम, कुणाच्या तरी स्मरण-उपासनेची पत्रिका. झिपचे दात पानांचे कोपरे कुरतडतात ही आणखी एक गंमत. पण मुख्य तक्रार ती नाही. झिप उघडायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत, हे खरं. तरी तेवढ्यानंही माणूस वाचायचा राहतो. हे नवं बायबल मी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर उघडंच ठेवतो, वर एक पातळ रुमाल. सकाळी नळाला पाणी यायच्या वेळी उठावंच लागतं. मोटार चालू केली की टाकी भरेपर्यंत बसायचं आणि वाचायचं. वेगळी ‘शांत वेळ’ काढायला मला कधी जमलं नाही, टाकीनं जमवलं.

खरी किंमत वसूल झाली ती तळाच्या संदर्भांत. हे नीट सांगतो, कारण दुकानात हे कुणी दाखवत नाही.

मत्तयाचा चौथा अध्याय वाचत होतो, येशूची परीक्षा. लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलेला भाग, त्यामुळे डोळे नुसते पळत होते. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी नेतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, कारण देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलेलं आहे. तळाला बारीक अक्षरात संदर्भ होता, स्तोत्र 91:11-12, म्हणजे 91व्या स्तोत्राचं अकरावं-बारावं वचन. पान उलटून तिथं गेलो. स्तोत्रात ‘तुझ्या सर्व मार्गांत’ तुझं रक्षण करतील, असं आहे. सैतानाच्या तोंडी हे शब्द नाहीत. शिवाय पुढचंच तेरावं वचन सिंह आणि सर्प पायांखाली तुडवण्याचं. त्याच्या बरोबर एक वचन आधी स्वारी थांबते. सोयीचा तुकडा उचलायचा आणि गैरसोयीचा ठेवून द्यायचा, हे काम किती जुनं आहे बघा.

मग येशूचं उत्तर. त्याचा संदर्भ अनुवाद 6:16 (‘अनुवाद’ हे जुन्या करारातलं एक पुस्तक). तिथं लिहिलंय, मस्सा इथं तुम्ही जशी परमेश्वराची परीक्षा पाहिली तशी पाहू नका. मस्सा काय? त्याखाली पुन्हा संदर्भ, निर्गम 17. तिथं गेलो तर रानात पाणी नाही म्हणून लोक मोशेवर उठलेले, आणि त्यांचा सवाल असा की परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही. म्हणजे उडी टाकायला सांगणाऱ्याला येशू जे उत्तर देतो त्याच्या पोटात हे पाण्याचं भांडण आहे. देव आहे की नाही हे त्याच्याकडून सिद्ध करून घ्यायला जाऊ नकोस, असं ते उत्तर. परत मत्तयात आलो. भाकरीच्या परीक्षेचं उत्तर अनुवाद 8:3, आणि तिसऱ्या परीक्षेचं अनुवाद 6:13. तिन्ही उत्तरं एकाच पुस्तकातली, तीही अगदी जवळजवळच्या पानांवरची. अनुवादाच्या आठव्या अध्यायात रानातली 40 वर्षं आहेत, इथं 40 दिवस. टाकी केव्हाच भरून वाहायला लागली होती. आतून आवाज आला, “अहो, पाणी रस्त्यावर चाललंय!”

हे सगळं मला कुठल्या प्रवचनात ऐकायला मिळालं नव्हतं असं नाही. मिळालं असेलही. पण ऐकलेलं संध्याकाळपर्यंत निम्मं विरतं. स्वतः बोट ठेवून चार ठिकाणी गेलो ते अजून जसंच्या तसं डोक्यात आहे. वर्कशॉपमध्ये ड्रायव्हर लॉगशीटवर लिहून द्यायचा, ‘गाडी ओढत नाही’. त्याचं ऐकून घ्यायचंच, रोज गाडी चालवतो तो. पण म्हणून बॉनेट न उघडता गाडी मार्गावर सोडत नव्हतो आम्ही.

आमच्या पाळकसाहेबांना हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, “बिरुयाचे लोक वाचलेत का तुम्ही?” प्रेषितांची कृत्ये 17:11. पौल आणि सीला तिथं जाऊन बोलले, तर लोकांनी आवडीनं ऐकलं आणि मग, हे खरंच असं आहे का, म्हणून रोज शास्त्रात शोधत बसले. पौलासारख्या माणसाचं बोलणं तपासून पाहणाऱ्या या लोकांना लेखक लूक नावं ठेवत नाही, थेस्सलनीकाकरांपेक्षा मोठ्या मनाचे म्हणतो. पाळकसाहेबांनी हे स्वतःहून सांगितलं याचं मला फार बरं वाटलं. सगळेच सांगत नाहीत.

संदर्भांसहित प्रत का घ्यावी, याचं दुसरं कारण मोबाइलमध्ये आहे. सूनबाई रोज सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर फुलांच्या चित्रावर एक वचन टाकते. तिचा भाव चांगला आहे, मी रोज हात जोडलेला इमोजी टाकतो. पण आठवड्यातून एकदा तरी यिर्मया 29:11 येतंच, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते. एक वचन मागे गेलं की दहाव्यात 70 वर्षं दिसतात. बाबेलात कैदी होऊन गेलेल्यांना लिहिलेलं पत्र आहे ते. त्याच पत्रात पाचव्या-सहाव्या वचनात सांगितलंय, तिथंच घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी परत आलेच नसणार. आशा खरी आहे, पण नातवाची नोकरी येत्या सोमवारी लागेल अशा बेतातली नाही. सूनबाईला मी एवढंच म्हटलं, “बेटा, अकराव्याबरोबर दहावंही टाकत जा.” तिनं दुसऱ्या दिवशी टाकलं. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही.

आपल्या भागात तर हे एकट्यानं वाचणं फार जुनं. मराठीतला नवा करार 1811 साली श्रीरामपूरला छापून निघाला (बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं बेलापूररोडचं नव्हे). नारायण वामन टिळकांची गोष्ट नगरच्या माणसाला सांगायला नको, इथंच राहिलेले ते. नागपूर ते राजनांदगाव आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला आणि वाचा म्हणाला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला. टिळक वाचत गेले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथं अडकले. सभा नाही, व्यासपीठ नाही. पुस्तक आणि वाचणारा. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंडिता रमाबाईंनी केडगावला, म्हणजे दौंडकडच्या, आमच्या नगरला चिकटलेल्या केडगावला नाही, म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या तिथल्याच बायका. 5 एप्रिल 1922 ला बाई गेल्या आणि पूर्ण बायबल 1924 ला बाहेर आलं. ज्यांच्या हातात पाटीसुद्धा दिली जात नव्हती त्या बायकांनी स्वतः वाचावं म्हणून एवढा खटाटोप, आणि आपण ते झिपमध्ये ठेवतो. असो.

आता कुणी म्हणेल, एकट्यानं वाचून माणूस भरकटतो. भरकटतो, खरं आहे. कृत्ये 8 मध्ये तो इथियोपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचतोय आणि फिलिप्प विचारतो, वाचता ते समजतं का? तो सरळ म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार. पण एक बघा, फिलिप्प येतो तेव्हा यशया आधीच उघडा आहे. प्रश्न त्याच्या ओठावर तयार आहे, हा संदेष्टा कुणाविषयी बोलतोय, स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी. उघडलंच नसतं तर फिलिप्प काय समजावणार होता?

म्हणून खाली टीपा असलेलं ‘अभ्यास बायबल’ घ्यावं का, हा प्रश्न मला आमच्या तरुण संघातले पोरं विचारतात. एका मित्राकडचं महिनाभर आणून वाचलं. टीपा चांगल्या आहेत. रोमकरांस पत्राला, इब्री लोकांस पत्राला तर हव्यातच. पण अर्धं पान वचनांचं आणि अर्धं टीपांचं असलं की नजर आधी खाली जाते. वचन वाचून डोकं खाजवायच्या आत उत्तर मिळतं, आणि तेही एका मंडळीच्या मताचं. संदर्भवाली प्रत तुम्हाला बायबलमधूनच बायबलकडे पाठवते, बाकी तोंड बंद ठेवते. माझं मत, आधी संदर्भवाली, मग वर्ष-दोन वर्षांनी टीपावाली.

फोनवरच्या अ‍ॅपांचं थोडक्यात. दोन-तीन आहेत, फुकट आहेत, तऱ्हा साधारण सारखीच. दोन कामांना मी वापरतो. एक, शेजारीशेजारी दोन मराठी भाषांतरं लावायला. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली 3 ते 14 ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे म्हणतात, आणि आपलं जुनं भाषांतर वाचताना ते पटतं, कर्ता कुठं आणि क्रियापद कुठं ते सापडेपर्यंत दम लागतो. सोप्या भाषेतलं भाषांतर शेजारी ठेवलं की उलगडतं. दुसरं काम ऐकण्याचं. भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकडेनं सकाळचा फेरा मारताना कानात मार्क लावतो. मार्क 16 अध्यायांचा, सगळ्यांत लहान शुभवर्तमान. दोन फेऱ्यांत उरकतो. सलग ऐकला की ‘लगेच’, ‘तत्काळ’ किती वेळा येतं ते कानाला कळतं, माणूस नुसता धावतोय. पण अ‍ॅपमधला तो सलग दिवसांचा आकडा मी बंद करून टाकला. एक दिवस दवाखान्यात गेला की आकडा शून्यावर येतो आणि मन उगीच खट्टू होतं. काही जण आकडा वाचवायला रात्री पावणेबाराला एक वचन उघडून बंद करतात. त्याला वाचन म्हणत नाहीत.

वाचनाचा क्रम हा ज्याचा त्यानं ठरवावा. वर्षात सगळं पुरं करायचं तर रोज तीन-साडेतीन अध्याय पडतात. स्कॉटलंडच्या मॅकचेन नावाच्या पाळकानं 1842 साली आपल्या मंडळीसाठी तक्ता काढला होता, रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तो तक्ता अजून चालतो, नेटवर मिळतो. माझ्या डोक्याला चार वेगवेगळ्या पुस्तकांतले चार अध्याय एका बैठकीत झेपत नाहीत. मी एकच पुस्तक धरतो आणि संपेपर्यंत सोडत नाही. पहिल्यांदाच बसणाऱ्यानं उत्पत्तीपासून सुरू करू नये. उत्पत्ती छान जाते, निर्गमचा निम्मा भाग छान जातो, मग निवासमंडपाच्या फळ्या आणि कड्या येतात, मग लेवीय, आणि तिथं दरवर्षी फेब्रुवारीत निम्मी मंडळी गळते. मार्क घ्या, मग कृत्ये, मग उत्पत्ती. वहीत मी तीनच गोष्टी लिहितो: कोण बोलतंय, कुणाशी, आणि याच्या आधी काय झालं. चौथी ओळ सुचली तर लिहितो, नाही तर नाही. आज मला यातून काय मिळालं, असा रकाना मुद्दाम ठेवला नाही. तो ठेवला की माणूस ओढूनताणून काहीतरी भरतो.

बायकोला माझ्या पेन्सिलीच्या रेघा आवडत नाहीत. “अहो, बायबलात कुणी असं गिचमिड करतं का? आमच्या दादांनी आयुष्यभर एक डाग पडू दिला नाही त्यावर.” मी म्हटलं, “अगं, दादांना सगळं पाठ होतं.” ते खरंच होतं, 119वं स्तोत्र 176 वचनांचं, ते न बघता म्हणायचे. तिनं स्वतःसाठी सोप्या भाषेतलं वेगळं बायबल ठेवलंय, त्यावर डाग नाही. वाचते माझ्यापेक्षा जास्त. रात्री जेवताना कधी कधी दोघांचं एकाच अध्यायावर वाजतं, तेव्हा टीव्हीची आठवण होत नाही.

उणंदुणंही सांगितलं पाहिजे. संदर्भांचा टाइप मजकुराच्या मानानं फारच बारीक आहे. मोठ्या टाइपाची प्रत घेणारा चष्मेवालाच असणार, त्याला संदर्भासाठी पुन्हा भिंग लागावं हे काही बरं नाही. खुणेची फीत एकच आहे, दोन हव्या होत्या, एक जुन्या कराराला, एक नव्याला. मी दुसरी शिवणकामाच्या रिबिनीची कापून कण्यात फेविकॉलनं बसवली, टिकली आहे. मागची शब्दसूची त्रोटक आहे, ‘कृपा’ शोधायला गेलात तर मोजकीच वचनं मिळतील. त्या कामाला फोन बरा. पौलाच्या प्रवासांचे नकाशे आहेत, ते उपयोगी पडतात, कृत्ये वाचताना बोट ठेवून जाता येतं. ऑनलाइन मागवलेली पहिली प्रत कोपरा चेपून आली, नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवली होती. परत केली आणि दुसरी दुकानात जाऊन हातात धरून घेतली. तुम्हीही तसंच करा, शक्य असेल तर.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. प्रवासात न्यायला हवं असेल तर हे नको, खिशातला नवा करार घ्या. कॅथलिक वाचकांनी लक्षात घ्यावं की यात 66च पुस्तकं आहेत. तोबित, यहूदिथ, मक्काबी वगैरे धरून 73 पुस्तकांचं हवं असेल तर कॅथलिक आवृत्ती वेगळी मागावी लागेल. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबलही बघा, मराठी वाचायला ते गोड आहे. आणि भेट म्हणून द्यायचं असेल, नवरानवरीला, तर दुकानदार हटकून झिपवालं पुढे करील, पॅकिंग छान दिसतं म्हणून. त्याला सांगा, आतलं दाखव.